एकसर जोडलेलं गाव

हर्षदा आरोलकर हातात मीटर घेऊन पाणंदीत शिरली की खारतळ्यातल्या बायका आधी घरातलं ओलं घमेलं जागेवर आहे ना ते बघायच्या आणि मग तिला चहाला हाक मारायच्या. गावात तिचा तेवढा दरारा होता. ती मूळची गडहिंग्लजची. लग्न होऊन या खाडीकाठच्या गावात आली, तालुक्याला वीज कंपनीत बारा वर्षं खांबांवर चढली आणि गावच्या बर्फ संस्थेनं बोलावलं तेव्हा नोकरी सोडून संस्थेची वीज सांभाळू लागली. नवरा मंगेश जहाजावर असायचा. घरात ती आणि सासरे जयवंत, दोघंच.

खारतळ्यात सरकारी लाइट होती, पण बेताची. दिवे, पंखे, मिक्सर एवढं चालायचं. बर्फाचा कारखाना ओढण्याइतका दम त्या लायनीत नव्हता. आणि बर्फ नाही म्हणजे पहाटे आलेली मासळी दहाच्या आत व्यापारी म्हणेल त्या भावाला देऊन मोकळं व्हायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. मग दवपट आले आणि गावाचं नशीब पालटलं.

दवपट दिसायला पापडासारखा, पातळ आणि करडा. काही सूक्ष्म जिवाणू केसाच्या हजाराव्या भागाइतके बारीक प्रथिनांचे धागे तयार करतात. त्या धाग्यांचा थर दमट हवेत टांगला की त्याची वरची बाजू जास्त ओल शोषते, खालची कमी. या कमीजास्तपणामुळे थरात विद्युतभार सरकतो आणि अर्धा व्होल्ट वीज मिळते. ना ऊन लागत, ना वारा. हवेत दमटपणा असला की झालं, आणि त्याची खारतळ्याला कधी वाण पडली नव्हती.

पण अर्ध्या व्होल्टनं होतंय काय? हर्षदानं चोवीस दवपट एकापुढे एक जोडून एक चौकट केली, तिचे बारा व्होल्ट झाले. प्रत्येक घराच्या गार भिंतीवर अशी एक चौकट बसवली. मग एका घराच्या चौकटीचं शेवटचं टोक पुढच्या घराच्या पहिल्या टोकाला, असं करत चाळीस घरं ओवली. बारा गुणिले चाळीस, चारशे ऐंशी व्होल्ट, वीस अँपिअर. एकच तार गावाला फेरी मारून बर्फघरात शिरली आणि मोटर फिरली. शाळेच्या पुस्तकात याला एकसर जोडणी म्हणतात.

गावाला तिनं ते किनाऱ्यावरच्या भाषेत सांगितलं होतं. "होडीपासून लिलावाच्या ओट्यापर्यंत बायका रांगेत उभ्या राहतात आणि पाटी या हातातून त्या हातात देतात ना, तसं आहे हे. रांग जितकी लांब, तितकी पाटी लांब पोचते. पण रांगेतली एक बाई मंदावली की सगळी रांग तिच्याच वेगानं चालते. आणि एक जण रांग सोडून गेली, तर पाटी पुढे जातच नाही."

म्हणून संस्थेनं नियम केले. दवपटाखाली ओलं घमेलं हवं. चौकट असलेल्या खोलीत शेगडी नको, कपडे वाळवायचं यंत्र नको, दुपारी खिडकी उघडायची नाही. तीन वर्षं गावानं ते पाळलं. पापड मऊ पडले, गाद्यांना अळंबीसारखा वास येऊ लागला, मुलांच्या वह्यांची पानं चिकटली. पण बर्फ दर दिवशी तयार व्हायचा, मासळी दोन दिवस थांबवता यायची, आणि व्यापारी आता ओट्यावर येऊन "काय द्यायचं बोला" असं विचारायचे. त्यामुळे ओलसर गादीवरही शांत झोप लागायची.

गणपती झाले आणि बर्फघरातला काटा दुपारी ढळू लागला. तीनच्या सुमाराला वीस अँपिअरचे आठ व्हायचे, पाचच्या पुढे पुन्हा वीस. तेवढ्या वेळात मोटर धापा टाकायची आणि लाद्या अर्धवट गोठायच्या. दोनदा सुरमई नरम पडली. संस्थेचे अध्यक्ष लवूकाका खवणेकर रोज बर्फघरात येऊन काट्यापुढे उभे राहायचे आणि काही न बोलता परत जायचे. त्यांचं न बोलणं हर्षदाला जास्त लागायचं.

अडचण अशी होती, की एकसर तारेत कुठंही मोजलं तरी प्रवाह सारखाच भरतो. कुठल्या घरामुळे तो घटला ते तार सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक घराच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजायला हवेत. दुपारी दोन ते सहा हर्षदाला मोटर सोडून हलता येत नसे, म्हणून तिनं सकाळी दहाला फेरी मारली. दाराबाहेरच्या जोडणीच्या पेट्या उघडत गेली. बारा, बारा, बारा. समिधा मोंडकरच्या पेटीत मात्र अकरा पूर्णांक दोन दशांश.

समिधा तिची या गावातली पहिली मैत्रीण. नवी नवरी म्हणून आलेल्या हर्षदाला मासे साफ करायला आणि मालवणी समजायला तिनंच शिकवलं होतं. समिधाचा धंदा सुकटीचा. पुढचं कुणी सांगायची गरजच नव्हती. सुकट विकणारी बाई, घरात वाळवत असणार.

"मी वाळवण मागच्या मांडवात करते. घरात एक काडीसुद्धा वाळवलेली नाही," समिधा म्हणाली.

"मीटर खोटं बोलत नाही गं," हर्षदा म्हणाली.

ती हे सभेत म्हणाली, ऐंशी माणसांसमोर. त्याच संध्याकाळी तिनं समिधाच्या पेटीत जाड तारेचा तुकडा टाकून त्या घराला वळसा घातला. प्रवाह आता ते घर टाळून पुढे जाऊ लागला. जे घर तारेत नाही त्याला बर्फाचा वाटा नाही, असा नियम होता. समिधा दुसऱ्या दिवसापासून मासळी झाकायला ओली गोणपाटं वापरू लागली. ती हर्षदाशी बोलायची थांबली.

पुढचे दोन दिवस काटा विसावर घट्ट उभा राहिला. लवूकाकांनी पाठीवर थाप मारली. तिसऱ्या दिवशी तीन वाजता काटा पुन्हा आठावर आला.

हर्षदा त्या आकड्याकडे बघत राहिली. दुपारचं दुखणं आपण सकाळी तपासलं, एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. समिधाचे ते अकरा पूर्णांक दोन दशांश म्हणजे एखादा जुना झालेला पट, बाकी काही नाही. तिनं मोटर बंद केली. बर्फघर सुरू झाल्यापासून दुपारी मोटर बंद करायची ही पहिलीच वेळ. तारेवर मोटरच्या जागी एक तापणारं तारेचं वेटोळं जोडून ठेवलं, म्हणजे प्रवाह वाहता राहील, आणि मीटर घेऊन ती बाहेर पडली.

खाडीकडच्या घरांपासून सुरुवात केली. तेरा. पुढचं घर, तेरा. देवळामागची आठ घरं, सगळी तेरा. लवूकाकांचं घर, तेरा. तारेतून कमी प्रवाह जात असल्यामुळे घरांवरचा भार हलका झाला होता, म्हणून प्रत्येक घर नेहमीपेक्षा एक व्होल्ट जास्तच दाखवत होतं. घामानं तिचा परकर पायांना चिकटू लागला. अडतीस घरं झाली आणि अडतीसही घरं तेरा म्हणाली.

समिधाचं तारेत नव्हतंच. राहिलं होतं तिचं स्वतःचं.

ती फाटकाशी क्षणभर थांबली. मग पेटी उघडून तिनं दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या. पडद्यावर सात आकडा आला आणि त्याच्या अलीकडे आडवी रेघ. उणे सात. तिचं घर वीज देत तर नव्हतंच, उलट बाकीच्या घरांनी ढकललेली वीज त्यातून जाताना वाया जात होती.

आत सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दारामागून घुमारेदार, कोरडा आवाज येत होता. तिनं दार ढकललं. जयवंत आरोलकर खाली मांडी घालून बसले होते, मांडीवर मृदंग होता, आणि बाजूला हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र घरघरत होतं. शहरात कपडे वाळवायला वापरतात तसलं. त्याच्या टाकीत अर्धी बादली पाणी साठलं होतं. भिंतीवर चौकट होती आणि तिच्यावरचे चोवीस पट वाळून आक्रसले होते.

"दार लाव गे," ते म्हणाले. "भायरची हवा आत येता."

ती दार लावून खाली बसली.

"कधीपासून, बाबा?"

"गणपती झाल्यापासून." त्यांनी मृदंगाच्या पुडीवर, त्या ताणलेल्या कातड्यावर बोट फिरवलं. "दशावताराचो मृदंगी आजारी पडलो. जत्रेक वाजवशात काय म्हणान इचारल्यानी. मी हो म्हटलंय. घराक येवन थाप मारलंय तर कातडा भिजलेला. भद्‌ करी. तीन वर्षांत मी काय ह्येका हात लावलंय नाय, आणि आता लावलंय तर ता मेलेला." ते थांबले. "तुका सांगूक तोंड झाला नाय. नियम तुझोच."

"मधे दोन दिवस काटा ढळला नव्हता."

"डोळे दाखवूक कुडाळाक गेल्लंय ना."

म्हणजे तेच ते दोन दिवस, जेव्हा लवूकाकांनी तिची पाठ थोपटली होती.

"बंद करतंय आता," जयवंत म्हणाले आणि बटणाकडे वाकले. "समिधाच्या घरचा काय ता तू बघ. पण ह्या भायर सांगू नको. सगळो गाव तुझ्या शब्दावर चलता. कोणाक कळूचा नाय."

हर्षदानं त्यांचा हात धरला. कुणाला कळणार नाही हे खरंच होतं. यंत्र बंद झालं की पट दोन तासांत ओल धरतील, उद्या काटा विसावर उभा राहील, आणि समिधाला "तुझा पट बदलला, आता चालेल" असं म्हणून परत तारेत घेता येईल. सगळं सुरळीत. फक्त समिधा कायमची खोटी ठरेल.

"एकदा वाजवून दाखवा," ती म्हणाली.

"आता?"

"हो. पुडी सुकली आहे तोवर."

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग वाजवलं. राजाच्या प्रवेशाचं. डावीकडचा आवाज जमिनीतून आल्यासारखा, उजवीकडचा स्वच्छ, कडक. बहात्तर वर्षांच्या त्या बोटांत इतकं काही आहे हे तिला माहीत नव्हतं. एका घरात सोळा वर्षं राहून ती त्यांना औषधाच्या वेळा आणि जेवणात काय हवं यापलीकडे काही विचारत आली नव्हती. वाजवणं संपलं तेव्हा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर घाम होता आणि तो चेहरा पंधरा वर्षांनी लहान दिसत होता.

"यंत्र चालू राहू दे," ती उठत म्हणाली.

बाहेर येऊन तिनं पिशवीतून जाड तारेचा तुकडा काढला आणि समिधाच्या घराला घातला होता तसाच वळसा आपल्या घराला घातला. बर्फघरातला काटा फोनवरही दिसायचा, तो तिनं पिशवीतून काढून बघितला. तो आठावरून उडून विसावर गेला. आता तारेत अडतीस घरं होती आणि त्यात आरोलकरांचं नव्हतं.

समिधा मागच्या मांडवात बांगड्यांना मीठ लावत होती. हर्षदानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता. सासऱ्यांचं, उणे सातचं, सकाळच्या चुकीच्या फेरीचं.

समिधाचे हात थांबले नाहीत. गावाशी ती मालवणीत बोलायची आणि हर्षदाशी नेहमी पुस्तकी मराठीत. आजही तसंच बोलली. "मग? मी काय करू?"

"मला माफ कर, असं म्हणायला आले."

"मांडवात आपल्या दोघींनाच ऐकू जातं. तू सभेत बोलली होतीस, हर्षदा. सभेतच बोल."

सभा रविवारी देवळाच्या आवारात भरली. हर्षदा उभी राहिली आणि बोलली. समिधाच्या घरात दोष नव्हता, दोष माझ्या घरात होता, आणि मोजणीची चूक माझी होती, हे तिनं याच क्रमानं सांगितलं. जयवंत पहिल्या ओळीत मान खाली घालून बसले होते. कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, की म्हाताऱ्याचं यंत्र बंद करा आणि विषय संपवा.

तेव्हा खवणेकरांची नवी सून दीक्षा उठली. लवूकाकांची स्वतःची सून. "यंत्र आमच्याकडेपण आहे," ती म्हणाली. "बाळाला खोकला झाला होता. मी स्वयंपाकघरात लपवून लावायची, चौकटीपासून लांब. पण लावायची." लवूकाका वळून बघतच राहिले. मग आणखी एक बाई म्हणाली की ती आजेसासूच्या गाद्या पहाटे गुपचूप शेगडीवर शेकते. मग तिसरी. ऐकता ऐकता लोक हसायला लागले. तीन वर्षं सगळं गाव एकमेकांपासून लपून वाळत होतं.

हर्षदानं हसू ओसरू दिलं. "एकसर जोडणीत हे असंच होणार," ती म्हणाली. "एका घराला सुकं राहायची मुभाच नाही. दुसरी एक जोडणी असते, समांतर. चार होड्या एकाच वेळी किनाऱ्याला लागल्या आणि चारही होड्यांच्या बायकांनी आपापली मासळी एकाच ओट्यावर ओतली, तर ढीग चौपट होतो. एक होडी आली नाही, तर ढीग थोडा लहान होतो, पण ओटा रिकामा राहत नाही. तसं शेजारशेजारची चार घरं समांतर जोडायची. चौघांचे मिळून व्होल्ट बाराच, पण अँपिअर ऐंशी. प्रत्येक घराच्या टोकाशी एक लहानसा एकमार्गी भाग बसवायचा. त्यातून वीज घराबाहेर येते, पण आत जात नाही. म्हणजे एखादं घर सुकं पडलं तरी बाकीच्या तिघांची वीज पिऊन टाकणार नाही. मग असे चौघांचे दहा गट एकसर ओवायचे, आणि व्होल्ट कमी पडतील ते बर्फघरातल्या यंत्रानं चढवायचे."

"ह्या पयलाच कित्याक नाय केलंस?" लवूकाकांनी विचारलं.

"जाड तार पुष्कळ लागते, म्हणून," हर्षदा म्हणाली. मग म्हणाली, "आणि मला वाटलं होतं, चाळीस घरं एका तारेत असली की गाव एक राहील. तसं नाही झालं. आपण एकमेकांच्या भिंतींवर पाळत ठेवायला लागलो. त्यात मी पहिली."

"यात तोटाही आहे," ती पुढे म्हणाली. "प्रत्येक गटातलं एक घर आळीपाळीनं आठवडाभर सुकं राहिलं, तर वीज पाऊण मिळेल. लादी आठ तासांत होते ती अकरा तासांत होईल. बर्फ कमी निघेल. पण मोटर थांबणार नाही."

हात वर करायला सांगितलं. लवूकाकांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग हात वर केला. त्यांच्यामागून बहुतेकांनी केला.

मग गट पाडायची वेळ आली. घरं पाणंदीच्या क्रमानं घ्यायची ठरलं. समिधाचं घर दोन गटांच्या मधोमध पडत होतं. ते कुठं घालायचं यावर दोन्हीकडचे लोक अवघडून एकमेकांकडे बघू लागले. नुकतीच दोषी ठरलेली आणि आताच निर्दोष सुटलेली बाई. तिच्याशी कसं बोलावं हेच कुणाला सुचेना.

समिधा स्वतःच उठली. "माका आरोलकरांच्या गटात घाला," ती मालवणीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "त्यांचा घर माझ्या डोळ्यांसमोर व्हया. परत उणे सात झाला, तर मी जावन मोजतलंय."

लोक हसले. हर्षदाही हसली, आणि तिला एकदम रडूही आलं, ते तिनं पदराआड लपवलं.

तार ओढायला अकरा दिवस लागले. सगळ्या गावानं हात लावला. होड्यांचे दोर वळणारी माणसं तारेच्या गुंडाळ्या खांद्यावर घेऊन फिरली, आणि एकमार्गी भाग बसवायला हर्षदानं दीक्षाला शिकवलं. पहिल्या दिवशी दीक्षानं दोन उलटे बसवले. दुसऱ्या आठवड्यात तिला हर्षदाची गरज उरली नाही. कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेला जयवंत आरोलकरांनी उजाडेपर्यंत वाजवलं आणि त्यानंतर दोन दिवस खाटेवरून उठले नाहीत, पण तक्रार एकदाही केली नाही.

त्यांच्या गटातली पुढची सुकी पाळी समिधाच्या घराची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षदा तिच्या दारावरून बर्फघराकडे चालली होती. घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती, पलंग, गाद्या, पाट, देवाचा चौरंगसुद्धा अंगणात काढला होता, आणि समिधा हातात केरसुणी घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"मोजायला आलीस?"

"नाही. बर्फघरात चाललेय. तिथं दीक्षा आहे, तशी घाई नाही."

"मग आत ये. उन्हात कशाला उभी?"

हर्षदा आत जाऊन जमिनीवर बसली. शेणानं सारवलेली जमीन कोरडी, उबदार होती. समिधानं पान वाढलं. सोलकढी, तिखट बांगडा, भात.

"मला अजून राग आहे," समिधा वाटी ठेवत म्हणाली.

"असणारच."

"काही दिवस राहील."

"राहू दे."

समिधा समोर बसली. आपलं पानही तिनं वाढून घेतलं होतं. "भात आणखी घालू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता घातला.